महिन्याचा आकडा

पहाटे 5:30

आत्याला गजर लागत नाही. इंदापूर तालुक्यातल्या रानात जन्म काढलेली बाई, पुण्यात धायरीच्या फ्लॅटमध्येही तिला पहाटेच जाग येते. मी उठेपर्यंत चहाचं आधण ठेवलेलं असतं. तिने केरसुणी हातात घेऊ नये एवढ्यावर लक्ष ठेवावं लागतं. डॉक्टरांनी खाली वाकायला आणि वजन उचलायला सक्त मनाई केली आहे.

वय 72. छातीतली गाठ तिने कितीतरी दिवस पदराआड ठेवली. कंबर धरली तेव्हा तपासायला आणली, तोवर आजार मणक्यात आणि खुब्यात उतरला होता. चौथी स्टेज. बायोप्सीच्या रिपोर्टवर ‘ईआर पॉझिटिव्ह, पीआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह’ असं आहे, म्हणजे ही गाठ शरीरातल्या हार्मोनवर पोसते. त्यामुळे लगेच सलाइनची केमो लागली नाही. लेट्रोझोल रोज एक, पाल्बोसायक्लिब एकवीस दिवस घेऊन सात दिवस बंद, आणि हाडांसाठी झोलेड्रॉनिक अॅसिडचं इंजेक्शन.

आज सात दिवसांची सुट्टी संपून नवं चक्र सुरू व्हायचं आहे. रिकाम्या पोटी गोळी नको म्हणून ती अर्धी भाकरी दुधात कुस्करून खाते. आजार मुळापासून जाणार नाही, आटोक्यात ठेवायचा, हे तिला सांगितलेलं आहे आणि ते तिला पटलेलंही आहे. नातेवाईकांना मात्र पटायला वेळ लागला. “एकूण खर्च किती येईल?” हा प्रत्येकाचा पहिला प्रश्न. या आजाराला एकूण असं काही नसतं. औषध लागू पडतंय तोवर ते चालू राहणार, घरच्या किराण्यासारखं दर महिन्याला. एकदा मोठी रक्कम उभी करून आपण सुटत नाही. महिन्याचा आकडा घराला पेलेल एवढा खाली आणायचा आणि मग तो न चुकता भरत राहायचा, हे खरं काम.

सकाळी 7:00

पिशवी भरते. आधार, रेशनकार्ड, बायोप्सीचे कागद, पेट-सीटीचा रिपोर्ट, कालचा सीबीसी, पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स, फोटो. रुग्णालयाने दिलेलं खर्चाचं अंदाजपत्रक वेगळ्या प्लॅस्टिकमध्ये. त्यावर तारीख, शिक्का आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक नसेल तर कुठलाच न्यास ते हातात धरत नाही.

सुरुवातीला नावाचीच लढाई होती. आधारवर नवऱ्याचं नाव मधे, रेशनकार्डवर वडिलांचं. खेड्यातल्या तिच्या वयाच्या बायकांची ही नेहमीची गोष्ट. कुणी घरात आजारी पडलं असेल तर औषधाच्या दुकानाआधी हे दोन कागद समोरासमोर धरून वाचा, असं मी आता ओळखीत सगळ्यांना सांगते.

सकाळी 8:30

ओपीडीत आमच्या आधी बरीच माणसं आहेत. सोलापूर, लातूर, नगर, रात्रीच्या एसटीने उतरून थेट इथे. निम्म्या तिकिटात येता येतं म्हणून बायका मुलांना न घेता एकट्याही येतात. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं भाडं आहे, आणि 75 पूर्ण झालेल्यांना प्रवासच मोफत. रेल्वेने यायचं तर कॅन्सरच्या रुग्णाला उपचाराच्या प्रवासात स्लीपर आणि थ्री-एसीचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबतच्या माणसाला तीनचतुर्थांश. त्यासाठी रुग्णालयाचं रेल्वेच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. शेजारच्या बाकावरच्या लातूरच्या माणसाला हे ठाऊक नव्हतं. तो लगेच उठून खिडकीकडे गेला.

सकाळी 9:45

डॉक्टर मॅडम सीबीसी बघतात. न्यूट्रोफिल 1,000 च्या वर आहेत, चक्र सुरू करायला हरकत नाही. पाठीचं दुखणं विचारतात, पाय बधिर होतात का ते विचारतात. आत्या म्हणते, “पाय हायेत जाग्यावर.”

मॅडमना पैशांबद्दल विचारायला मी लाजत नाही. आपल्याकडे डॉक्टरांशी किमतीचं बोलणं लोकांना उद्धटपणाचं वाटतं, म्हणून ते बाहेर येऊन एकमेकांत कुजबुजतात, आणि परवडत नाही म्हणून मधेच औषध सोडतात. मी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, “मॅडम, यातलं काय नाही केलं तरी चालेल?” त्यांना प्रश्न आवडला असावा. त्यांनी कागदावर लिहून समजावलं.

पहिली गोष्ट ऑपरेशनची. गावाकडे सगळ्यांचं एकच म्हणणं होतं, गाठ आहे तर कापून टाका. आजार शरीरात पसरलेला असताना मूळची गाठ काढून आयुष्य वाढतं का, हे परळच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयातच तपासलं गेलं. डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी 350 स्त्रियांवर केलेली ही चाचणी 2015 साली ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त आली. ऑपरेशन केलेल्या आणि न केलेल्या स्त्रियांच्या आयुष्यमानात फरक आढळला नाही. गाठ फुटली, चिघळली तर गोष्ट वेगळी. तसं काही नसेल तर हा खर्च आणि ही जखम दोन्ही टाळता येतात.

दुसरी गोष्ट हाडांच्या इंजेक्शनची. पूर्वी ते दर चार आठवड्यांनी देत. अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत, 2017 साली, बारा आठवड्यांनी दिलं तरी हाडं मोडण्याचं प्रमाण वाढत नाही असं दिसलं. म्हणजे इंजेक्शन, डे-केअरचा बेड आणि रिक्षा, सगळंच तिसऱ्या हिश्श्यावर. त्याआधी दात आणि किडनी तपासून घ्यायची, एवढी अट.

तिसरी गोष्ट रेडिएशनची. खुब्याचं दुखणं वाढलं होतं तेव्हा दहा दिवसांच्या शेकाऐवजी एकाच बैठकीत, 8 ग्रेचा एकच डोस दिला. हाडाच्या साध्या दुखण्याला एक डोसही तेवढाच आराम देतो, हे जगभर पुन्हा पुन्हा तपासून झालेलं आहे. काहींना नंतर पुन्हा द्यावा लागतो. आत्याला अजून लागलेला नाही.

पाल्बोसायक्लिबबद्दलही त्या मोकळेपणाने बोलल्या होत्या. “ही गोळी परवडली नसती तर नुसत्या लेट्रोझोलवर सुरू केलं असतं, आणि त्यात तुम्ही आत्यांवर अन्याय केला असं मानायचं कारण नव्हतं.” नेदरलँड्समध्ये हजारावर स्त्रियांवर झालेली ‘सोनिया’ नावाची चाचणी 2024 साली प्रसिद्ध झाली. या वर्गातली गोळी पहिल्याच टप्प्यात दिली काय किंवा आजार पुढे सरकल्यावर दुसऱ्या टप्प्यात दिली काय, शेवटी गोळाबेरीज सारखीच निघाली. कुणाला कधी द्यायची हे डॉक्टरांनीच ठरवायचं. पण महाग औषध आज घेतलं नाही म्हणून सगळं संपलं, असं नसतं, हे नातेवाइकांना कुणीतरी सांगायला हवं. त्या एका वाक्याने किती घरांची जमीन वाचेल.

सकाळी 10:45

आज इंजेक्शनचाही दिवस आहे, म्हणून आरोग्यमित्राच्या खिडकीवर. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत पूर्वी कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं, 1 जुलै 2024 पासून ते 5 लाख झालं आणि पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही खुलं झालं. आत्याचं नाव मुलाच्या केशरी कार्डावर आहे. शिवाय 70 ओलांडलेल्या कुणालाही, उत्पन्न न बघता, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, ऑक्टोबर 2024 पासून. कुटुंब आधीच आयुष्मान भारतमध्ये असेल तर ज्येष्ठ माणसासाठी हे 5 लाख वेगळे असतात, घरातल्या इतरांच्या वाट्यातून जात नाहीत.

कार्ड काढताना तिचे अंगठे यंत्रावर उमटेनात. खुरपं धरून रेषा गेलेल्या. शेवटी चेहऱ्यावरून ओळख पटवली.

योजना सगळं देते असं मानून चालत नाही. ती पॅकेजवर चालते. आरोग्यमित्राला आजाराचं नाव सांगून उपयोग नाही, औषधाचं नाव आणि दाखल होणार की घरी घेणार, हे दोन्ही सांगून विचारायचं. आमचं इंजेक्शन आणि रेडिएशन पूर्वमंजुरी घेऊन योजनेत बसलं. घरी घ्यायच्या गोळ्या आमच्या खिशातून. म्हणून महिन्याच्या आकड्यात मुख्य वाटा गोळ्यांचा.

मंजुरी येते. आत्याला डे-केअरच्या खुर्चीत बसवून नर्स सलाइन लावते.

सकाळी 11:30

तेवढ्या वेळात तळमजल्यावर समाजसेवा विभाग. धर्मादाय रुग्णालयाच्या पायऱ्या चढणाऱ्या प्रत्येकाला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं 41 एए हे कलम माहीत हवं. मुंबई उच्च न्यायालयाने 2006 साली मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे अशा रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या, आणि बिलांच्या रकमेतले 2 टक्के निर्धन रुग्ण निधीत टाकायचे. हे दान नाही, रुग्णालयाला मिळणाऱ्या धर्मादाय दर्जाची ती अट आहे. पण मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि मागायचं ते बिल होण्याआधी.

इथल्या बाई शांतपणे ऐकतात. पुढच्या पेट-सीटीसाठी त्या निधीतून काही होईल का ते बघू म्हणतात. उत्पन्नाचा नवा दाखला मागतात. सिद्धिविनायक न्यासासारख्या ठिकाणी अर्ज करायचा विचार होता, तोही त्यांच्यापुढे ठेवते. असे न्यास बहुधा रुग्णालयाच्या नावाने धनादेश देतात, झालेल्या खर्चाची भरपाई करत नाहीत. मुख्यमंत्री सहायता निधीचंही तसंच, पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात जातात, आणि आजार इतर योजनेत बसत असेल तर आधी ती योजना.

“मग आत्ता नकोच अर्ज करायला,” मी म्हणते. बाई मान हलवतात. पुढे कधी हाड मोडलं, दाखल करावं लागलं, योजनेत न बसणारं काही निघालं, तर एकदाच मिळणारी मदत त्या एकदाच येणाऱ्या खर्चासाठी हाताशी हवी. दर महिन्याच्या गोळ्यांत ती जिरवायची नाही.

दुपारी 12:45

आत्याला डबा देऊन औषधांच्या दुकानात. मॅडम चिठ्ठीवर कंपनीचं नाव न लिहिता औषधाचं नाव लिहितात, हा त्यांचा आमच्यावरचा सगळ्यात मोठा उपकार.

पाल्बोसायक्लिबचं भारतातलं पेटंट जानेवारी 2023 मध्ये संपलं. मग इथल्या कंपन्यांच्या गोळ्या आल्या आणि किंमत कोसळली. नुसतं पेटंट संपून भागत नाही. पाकिटावरची एमआरपी आणि दुकानदाराला पडणारी किंमत यांत कॅन्सरच्या औषधांत मोठी दरी असते. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने 2019 साली 42 औषधांवर व्यापारी नफ्याची 30 टक्क्यांची मर्यादा घातली ती याच कारणाने. म्हणून मी रुग्णालयातलं दुकान, अमृत फार्मसी आणि सदाशिव पेठेतला घाऊक विक्रेता, तिघांकडे एकाच दिवशी भाव विचारते. एमआरपीच्या निम्म्याहूनही कमीत मिळतं. लाजायचं नाही, दुकानदारालाही त्याची सवय असते.

पण स्वस्ताईला एक कुंपण आहे. बिल, बॅच नंबर आणि एक्स्पायरी, या तिन्हींशिवाय घेत नाही. कॅन्सरची बनावट औषधं विकणारी टोळी दिल्ली पोलिसांनी मार्च 2024 मध्ये पकडली होती. कुणी व्हॉट्सअॅपवर ‘थेट कंपनीकडून, बिल नको’ असं लिहिलं की तो नंबर मी ब्लॉक करते. जीएसटीही बघते. 22 सप्टेंबर 2025 पासून बहुतेक औषधांवरचा कर 12 वरून 5 टक्क्यांवर आला आहे.

याच वर्गातली दुसरी गोळी, रिबोसायक्लिब. तिच्या किमतीविरुद्ध 2022 साली केरळ उच्च न्यायालयात एका रुग्ण महिलेने दाद मागितली होती, इतर कंपन्यांना ती बनवायचा सक्तीचा परवाना द्या म्हणून. निकाल लागायच्या आधीच ती गेली. न्यायालयाने प्रकरण स्वतःहून पुढे चालवलं. आपण कोणत्या वर्षी आजारी पडतो आणि आपल्या गोळीचं पेटंट कोणत्या वर्षी संपतं, यावर आपला महिना ठरतो. आत्याचं नशीब एवढ्यापुरतं बरं.

दुपारी 2:30

आत्याला रिक्षाने घरी सोडून टिळक रोडवर ऑफिस. मी सीए सरांकडे हिशेब बघते. आज अर्धी रजा. दुपारी दुसऱ्यांची बिलं टाकता टाकता आमची बिलंही स्कॅन होतात.

आयकरात 80 डीडीबी नावाचं कलम आहे. कॅन्सरच्या उपचारावर खर्च केला तर ज्येष्ठ रुग्णासाठी एक लाखापर्यंत वजावट मिळते, जुनी करप्रणाली घेतली असेल तर. पण कुणावर खर्च केला हे महत्त्वाचं. कायद्याच्या यादीत नवरा-बायको, मुलं, आईवडील, भाऊ-बहीण आहेत. आत्या नाही. मी माझ्या पगारातून कितीही भरलं तरी मला एक रुपयाची वजावट नाही. माझ्या बाबांची मात्र ती बहीण. ते जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, पेन्शन करपात्र, आणि आत्या आता मुख्यत्वे त्यांच्यावरच अवलंबून. सरांनी कागद तपासले आणि तेव्हापासून गोळ्यांची बिलं बाबांच्या खात्यातून जातात. मी माझा वाटा दर महिन्याला बाबांना देते. पैसे तेवढेच जातात, वर्षअखेरीस थोडे परत येतात.

संध्याकाळी 5:00

इंदापूरहून दादाचा, म्हणजे आतेभावाचा फोन. तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला निघाला. फोटो पाठवतो. वैधता 31 मार्चपर्यंत. तलाठ्याचा अहवाल, सेतूमधला अर्ज, सगळं त्याने टेम्पोच्या फेऱ्या सांभाळून केलं. त्याला इस्पितळात बसता येत नाही याचं त्याला वाईट वाटतं. मी त्याला म्हणते, “दादा, बसायला मी आहे. हा कागद इथे बसून मला मिळाला नसता.”

संध्याकाळी 6:30

घरी आत्या पडून आहे. इंजेक्शननंतर अंग मोडून येतं, कणकण येते, हे आधीच सांगितलेलं. पॅरासिटामॉल आणि कुळथाचं कढण.

पुढच्या आठवड्यात वारज्याला जायचं आहे. तिथे सिप्ला फाउंडेशनचं उपशामक उपचारांचं केंद्र आहे, 1997 पासून, सगळं मोफत. उपशामक म्हटलं की लोकांना शेवटच्या दिवसांची जागा वाटते. आम्ही तिथे दुखणं, बद्धकोष्ठ, झोप यांच्यासाठी जातो, उपचार चालू असतानाच. वेदना वाढली आणि रात्री घाबरून इमर्जन्सीत धावलो, की एका रात्रीचं बिल महिन्याच्या गोळ्यांना मागे टाकतं. दुखणं वेळेवर सांभाळलं की ती धावपळ होत नाही.

रात्री 8:30

घरचा व्हिडिओ कॉल. बाबा, आई, दादा, वहिनी. विषय तोच, दादाचा दीड एकर. तो म्हणतो, “आईपेक्षा रान मोठं नाही. विकून टाकतो, एकदाचं निश्चिंत.”

मी आकडे वाचते. गोळ्या, रक्ताच्या तपासण्या, कॅल्शियम, येणंजाणं, आत्याचं दूध-अंडी. महिना 10,000. रान विकून येणारे पैसे बँकेत पडतील, त्यातले निम्मे घरातल्याच अडचणी खातील, आणि रानातलं उत्पन्न कायमचं जाईल. दादा ऐकतो, पण त्याचा चेहरा उतरलेला आहे. आईसाठी काहीतरी मोठं करावं असं त्याला वाटतं आणि मी त्याच्यापुढे लहान आकडे ठेवते.

आत्या उशीला टेकून म्हणते, “माझ्या औषधापायी रान इकायचं न्हाय. म्या विचारलंय का तुला इक म्हणून?” मग हातातल्या पाटल्यांकडे बघून, “ह्या मोड. माझ्या हायेत, म्या सांगतीय.”

बाबा तारण ठेवायचं सुचवतात. ती तोडून टाकते, “तारण नगं. याज कोण भरणार? मोडच.”

तिचं बरोबर आहे. सोनेतारणाचं व्याज हा आणखी एक महिन्याचा खर्च झाला असता. पाटल्यांचे पैसे तिच्याच नावावर मुदतठेवीत ठेवायचे, पेट-सीटी आणि अचानक दाखल करावं लागलं तर त्यासाठी. महिन्याच्या 10,000 ला हात लावायचा नाही तिकडून. तिचे श्रावणबाळ योजनेचे 1,500, दादाचे 1,500, बाबांचे 3,000, माझे 2,000. दादाला त्याच्या आकड्याची लाज वाटते. आत्या म्हणते, “वक्ताला दे म्हंजे झालं.”

दोन हजार कमी पडतात.

रात्री 9:30

दुबईहून चुलतभावाचा फोन. आत्याने त्याला लहानपणी सांभाळलेलं आहे. त्याचा आवाज भरून येतो. “ताई, मी उद्याच पन्नास हजार टाकतो.”

“नको. महिन्याला दोन हजार दे.”

तो गडबडतो. एकदम दिलेलं बरं वाटतं, असं म्हणतो. मी त्याला समजावते की पन्नास हजार आले की पहिले दोन महिने सगळे सैल सोडतात, दादा त्याचे 1,500 थांबवतो, आणि पुढे घडी पुन्हा बसत नाही. दोन हजार येत राहिले तर गोळी एक दिवसही चुकणार नाही.

“पण किती महिने?” तो विचारतो.

हा प्रश्न मनात सगळ्यांच्या असतो, विचारत कुणी नाही. डॉक्टरांनीही आकडा दिलेला नाही, आणि मी मागितलेला नाही. फोन स्पीकरवर आहे हे त्याच्या लक्षात आलेलं नसतं. आत्या पलंगावरून म्हणते, “लई झालं तर परत इचारायला फोन कर. म्या असले तर उचलीन.”

पलीकडे क्षणभर काहीच नाही, मग तो हसतो, आणि आत्याही. तिच्याशी पाऊस-पाण्याचं बोलून झाल्यावर तो मला बाबांचा खाते क्रमांक पाठवायला सांगतो. दर महिन्याच्या तीन तारखेला 2,000, बँकेला कायमची सूचना. “बंद कधी करायची ते तू सांग,” तो म्हणतो. मी त्याला म्हणते, सूचनेत शेवटची तारीख विचारतात, तो रकाना रिकामाच सोड.